सगळं हिरवं? लफडं हाय!

आमच्या खामगावच्या ऑफिसात पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे झाले की बाकीची माणसं चहा मागवायची आणि मुनीरभाईंना घाम फुटायचा. खोटं वाटेल, पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माणूस खुर्चीतून उठायचा, पडद्याला नाक लावून एकेक दिवा तपासायचा, खिशातून रुमाल काढून मान पुसायचा आणि म्हणायचा, "सगळं हिरवं? लफडं हाय!"

मी कामावर रुजू झाले त्याच दिवशी हे ऐकलं. मला वाटलं, गेलं सगळं! हातातली पिशवी तिथेच टाकून मी सर्व्हरच्या खोलीकडे धावले. आत सगळं व्यवस्थित घुरघुरत होतं. परत आले तर हा गृहस्थ फोनवर डोणगावच्या केंद्रचालकाला विचारत होता, "हॅलो, मुनीर बोलून राह्यलो, खामगावहून. तुमचं हिरवं दिसून राह्यलं. काय झालं?"

आता यावर त्या बिचाऱ्यानं काय सांगावं? तो म्हणाला असणार, काही नाही झालं. त्यावर हे म्हणाले, "काईच नाई? पक्कं? बरं, जरा उठून मशीन पाहून या. म्या फोन धरून ठेवतो."

मी खुर्चीत बसले ती बसलेच. स्वतःलाच म्हटलं, सुनंदाबाई, इतका कॉम्प्युटरचा कोर्स करून आलात कुठे!

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे हा माणूस केवढा उलटा होता ते कळेल. ते दिवस बीटी कपाशीचे. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर जायची, पण हातात काय येईल याचा भरवसा नव्हता. एका वर्षी पीक आलं तर भाव पडायचा, दुसऱ्या वर्षी भाव असला तर अळी हजर. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं आमच्या जिल्ह्यात गावोगावी केंद्रं उघडली. एखाद्याच्या ओसरीवर एक कॉम्प्युटर ठेवायचा, छतावर एक डिश बसवायची. शेतकऱ्यानं यायचं, कापसाचा भाव बघायचा, पावसाचा अंदाज बघायचा, काय फवारायचं ते विचारायचं. आणि ही सगळी मशीनं चालू आहेत की नाहीत, हे आम्ही खामगावात बसून बघायचं.

बघायचं म्हणजे सर्व्हर बघायचा. दर थोड्या मिनिटांनी तो प्रत्येक गावच्या मशीनला हाक मारायचा, आहेस का? मशीननं आहे म्हटलं की त्या गावचा दिवा हिरवा. एकदा उत्तर चुकलं की पिवळा. ओळीनं तीनदा चुकलं की लाल. लाल झालं की इकडे भोंगा वाजायचा, मुनीरभाईंच्या मोबाइलवर मेसेज जायचा आणि महिन्याच्या शेवटी पुण्याला जाणाऱ्या अहवालात त्या लालची नोंद पडायची. पिवळ्याची नोंद पडत नसे. पिवळं झालं आणि परत हिरवं झालं तर पुण्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

मुनीरभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे. मग टीव्ही, मग विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर. छतावर सरसर चढणारा आणि तारेला न घाबरणारा माणूस म्हणून कंपनीनं त्यांना घेतलं. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, दाढीला मेंदी. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. एप्रिलमध्ये, खामगावात, स्वेटर! मी एकदा न राहवून विचारलं तर म्हणाले, "पेचकस ठेवाले खिसे पाह्यजेत ना, ताई." स्क्रूड्रायव्हर ठेवायला शर्टाला खिसा नसतो काय? पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सर्व्हरचा मेसेज आला की ते त्याला उत्तर पाठवायचे. मशीनला! जाड अंगठ्यानं एकेक बटण दाबत लिहायचे, 'निघालो'. मी कपाळावर हात मारला. "अहो मुनीरभाई, ते मशीन आहे. ते काही वाचत नाही."

"तरी बी. हाक मारली ना त्यानं? मंग जवाब नको द्याले?"

आणि निघायचे खरंच लगेच. कंपनीची एक खटारा जीप होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातून सुरूच होत नसे. पुण्याहून सूचना यायची की आधी फोनवरून अमुक तपासा, तमुक बंद करून चालू करा. मुनीरभाई सगळ्याला हो म्हणायचे आणि जीपची किल्ली उचलायचे. तिकडे जाऊन ते काय करतात हे आम्हाला पुष्कळदा नंतर कळायचं, आणि कळलं की आम्ही हबकायचो.

डोणगावचं केंद्र रोज दुपारी लाल व्हायचं. पुण्याच्या लोकांनी त्यावर पुष्कळ डोकं खाजवलं. मुनीरभाई गेले, दुपारभर तिथे ओसरीवर बसले आणि परत आले. केंद्रचालकाच्या बायकोला मिक्सर लावायला घरात प्लगची तेवढीच एक जागा होती. ती आमचा प्लग काढायची, चटणी वाटायची आणि चटणी झाली की प्लग लावून टाकायची. यांनी पदरचा एक बोर्ड तिला लावून दिला आणि वर डबाभर चटणी घेऊन आले. ऑफिसभर वाटली.

संग्रामपूरचं तर याहून पुढचं. दिवा लाल, हिरवा, लाल, हिरवा. भोंगा नुसता बोंबलत होता. मुनीरभाईंनी फोन लावला, "छतावर कोन हाय ते पाहा बरं." सातपुड्यातून उतरलेली वानरं डिशला लोंबकळून झोके घेत होती. मी विचारलं, "कारण काय लिहू?"

"वानर लिहा."

लिहिलं. तासाभरात पुण्याच्या साहेबांचा फोन. ही वानरं हटवायला किती वेळ लागेल? मी फोन मुनीरभाईंच्या हातात दिला. ते अदबीनं म्हणाले, "ते त्याइच्या मनावर हाय, साहेब."

भारनियमनाच्या वेळी पडदा असा लाल व्हायचा की अंगणात मिरच्या वाळत घातल्यात असं वाटावं. आम्ही सगळे फोनवर फोन घेत वैतागलेलो असायचो. मुनीरभाई मात्र तेव्हा निवांत. पाय लांब करून चहा प्यायचे. म्हणायचे, "लाल हाय ना, मंग कायची चिंता? लालवाला बोंबलून राह्यला. जो बोंबलते त्याच्याकडे लोक जातेच."

आणि हिरव्याची चिंता करत ते उगाचच कितीदा तरी गावं पालथी घालून आले, हेही सांगते. एकदा डोणगाव फारच दिवस हिरवं आहे म्हणून जीप घेऊन धडकले. तिथे चालकाच्या घरी लग्न होतं. जेवून आले. एकदा संग्रामपूरला असेच गेले तर तिथली माणसंच घाबरली, की खामगावहून जीप आली म्हणजे केंद्र बंद होतंय. ऑफिसात त्यांची टर उडवायला सगळे टपलेले असायचे. मीही त्यात होते, उगाच साळसूदपणा कशाला!

पण वडनेरचं प्रकरण निराळं होतं. वडनेर भोलजीचं केंद्र उत्तमबापूंच्या ओसरीवर होतं. बापू सत्तरीचे, बायको वारलेली. केंद्र खरं तर त्यांचा धाकटा मुलगा चालवायचा. कापसानं लागोपाठ दगा दिल्यावर तो पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला. थोरला त्याच्या आधीच गेला होता. बापूंना मशीन चालू करणं आणि बंद करणं एवढंच यायचं. गावातली पोरंसोरं, मास्तर वगैरे येऊन भाव बघून जायचे, तेवढ्यावर केंद्र चालत होतं.

ते केंद्र दर बुधवारी दुपारी लाल व्हायचं. बरोब्बर बुधवारी. मुनीरभाई 'निघालो' लिहायचे, जीप काढायचे आणि संध्याकाळी वांगी नाही तर तुरीच्या शेंगा घेऊन परत यायचे.

"कारण काय लिहू?"

"ढिली वायर."

पुढच्या बुधवारी परत तेच. ढिली वायर. त्याच्या पुढच्या बुधवारीही ढिली वायर. मी एक दिवस भडकले. "अहो, वायर दर बुधवारीच कशी ढिली होते? ती काय उपास करते? बदलून टाका की एकदाची!"

"बदलतो, बदलतो," म्हणून ते शेंगा सोलत बसले.

शेवटी पुण्याचे साहेबही भडकले. त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं की वडनेर पुन्हा लाल झालं तर ते केंद्र बंद, आणि एक वायर ज्यांना बसवता येत नाही त्या मुनीरभाईंनाही घरी बसवू. मी हादरलेच. माणूस विक्षिप्त असला म्हणून काय झालं, या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार? मुनीरभाईंच्या कानावर घातलं तर ते काही मनावर घेईनात, म्हणून पुढच्या बुधवारी सकाळीच मी नवी वायर पिशवीत घातली, रजा टाकली आणि एसटीनं वडनेर गाठलं. म्हटलं, बघतेच ही वायर कशी ढिली होते.

बापूंनी मला बसवलं, पाणी दिलं. माणूस लाघवी. मी वायर ओढून पाहिली, हलवून पाहिली. लोखंडासारखी घट्ट! तेवढ्यात दुपार झाली. बापूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, काठी टेकत उठले, मशीनजवळ गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत प्लग उपटून खाली ठेवला. अगदी शांतपणे. मग आत गेले आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मी ताडकन उठले. "बापू! हे काय केलं?"

"मुनीरले बोलावलं."

"अहो, मग फोन करायचा ना! फोन आहे की तुमच्याकडे!"

"फोनवर तो ईचारते, बापू कसे हाय? म्या म्हनतो, बरा हाव. झालं बोलनं. अन् तसं काई काम नसतानी, ये बावा चहा प्याले, असं कसं म्हनाव कोनाले? नोकरदार मानूस हाय तो." बापूंनी साखरेचा डबा काढला. "काम निंगालं की येते बिचारा."

थोड्या वेळानं जीप वाजली. मुनीरभाई आत आले, मला पाहून दचकले, आणि मग काही झालंच नाही असं दाखवत थेट प्लगपाशी गेले. उचलला, फुंकर मारली, लावला. "वायर ढिली हाय, बापू."

"तेच म्हनतो म्या," बापू म्हणाले. "काऊन रे बे, आज उशीर केला?"

आणि दोघं चहा घेऊन बसले. काय बोलत होते? काही नाही! कोणाच्या म्हशीला पारडू झालं, पांढरी माशी कोणाच्या शेतात जास्त आहे, रेडिओचे वॉल्व्ह आता का मिळत नाहीत. मी मध्ये बसून एकदा याच्याकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे. दोघंही पिकल्या वयाची, शहाणीसुरती माणसं, आणि पुण्यापर्यंतचा सर्व्हर वापरून एकमेकांना चहाला बोलावत होती! हसावं की रडावं कळेना. मग राग आला आणि मी दोघांनाही फैलावर घेतलं. "बापू, तुमच्या या प्लगपायी यांची नोकरी चालली आहे, ठाऊक आहे?"

बापूंचा चेहरा उतरला. कप खाली ठेवून ते मुनीरभाईंकडे पाहत राहिले. "तू सांगतलं नाई मले?"

"कायले सांगतो? तुमी प्लग काढनं बंद केलं असतं," मुनीरभाई म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. तेव्हा मीच तोडगा काढला. पिवळ्याचा. बापूंना नीट समजावलं की प्लग काढा, पण थोड्या वेळानं लगेच लावा. एक हाक चुकली की आमच्याकडे पिवळा लागेल, आम्हाला कळेल, आणि पुण्याला पत्ता लागणार नाही. बापूंनी विचारलं, थोडा वेळ म्हणजे किती? मुनीरभाई म्हणाले, "एक विडी होईपर्यंत."

पहिल्या बुधवारी बापूंनी विडी इतक्या चवीनं ओढली की दोन हाका चुकल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. तिसरी हाक जायच्या आत प्लग लागला. त्यानंतर मात्र बापूंचा हात असा बसला की काय सांगू. बुधवारी दुपारी वडनेरवर पिवळा ठिपका यायचा, जायचा, आणि मुनीरभाई 'सहज फेरी' म्हणून जीप काढायचे. महिन्याच्या अहवालात वडनेर स्वच्छ. माझ्या नोकरीत मी केलेली ही एकमेव लबाडी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

पोळा होऊन गेल्यानंतरचा एक बुधवार. दुपार झाली आणि पडदा पूर्ण हिरवा. एकूण एक गाव हिरवं. पुण्याच्या साहेबांनी आपणहून फोन करून शाबासकी दिली. त्यांनी याआधी कधी शाबासकी दिल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. कोणीतरी पेढे आणायला निघालं. मीही खूश.

मुनीरभाई पडद्यासमोर उभे होते. "वडनेर हिरवं हाय," ते म्हणाले.

"चांगलंच की."

"ताई, आज बुधवार हाय."

मी म्हटलं, विसरले असतील. झोप लागली असेल. शेतात गेले असतील. ऑफिसात खसखस पिकली, झालं यांचं सुरू! मुनीरभाईंनी बापूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग रुमालानं मान पुसली, आणि या खेपेस ते "लफडं हाय" म्हणाले नाहीत. किल्ली उचलून जिना उतरायला लागले. ते काही बोलले नाहीत म्हणूनच मी त्यांच्यामागे धावले.

त्या दिवशी ती खटारा जीप कशी पळाली ते देव जाणे. नांदुरा गेलं, वडनेर आलं. बापूंचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ओसरीवर मशीन चालू होतं. त्याचा बारका हिरवा दिवा छान मिचमिचत होता. आणि त्याच्याखाली बापू पडले होते. पाठीवरचा फवारणीचा पंप अर्धवट सुटलेला, एक पट्टा अजून खांद्यात. सदरा औषधानं ओलाचिंब. तोंडाला फेस. घरभर तो उग्र वास, नाकात शिरला की डोकंच फिरावं. मी दारातच किंचाळले.

बीटी आलं तेव्हा सांगायचे, आता फवारणीची कटकट गेली. कसली जाते! माशी आली, तुडतुडे आले, मग अळीही यायला लागली. मजूर मिळेनात. डोक्याएवढ्या कपाशीत शिरून, तोंडाला फडकं न बांधता, उलट्या वाऱ्यात बापू एकटेच फवारत होते. सगळं शेजारपाजार आपापल्या शेतात होतं. चक्कर आल्यावर ते कसेबसे घरापर्यंत पोहोचले होते. प्लगपासून हातभर अंतरावर.

मुनीरभाईंनी पंप ओढून बाजूला फेकला, सदरा फाडून काढला, मला ओरडून सांगितलं, "पानी! साबन!" मी रांजणातलं पाणी आणून ओतत राहिले. मग आम्ही त्यांना उचललं. बापूंचं वजन काहीच नव्हतं. जीपच्या मागच्या बाकावर मी बसले, बापूंचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मुनीरभाईंनी जीप नांदुऱ्याच्या दवाखान्याकडे सोडली.

त्यांना मागे बघता येत नव्हतं. रस्ता खराब, समोरून ट्रकवर ट्रक. ते समोर बघूनच ओरडले, "बापू, हाय का?"

मला वाटलं, काय वेडा माणूस आहे! पण मांडीवर ओठ हलले. "हाव."

थोडं पुढे गेल्यावर परत. "बापू, हाय का?"

"हाव."

असं चाललं. हाक, उत्तर. हाक, उत्तर. माझं लक्ष आता दुसऱ्या कशातच नव्हतं. मग नांदुरा दिसायला लागलं तेव्हा मुनीरभाईंनी हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

जीप एकदम हिसकली. "बापू! हाय का?"

नाही आलं. मी बापूंचे गाल थोपटत होते, मोठमोठ्यानं रडत होते. आरशात मला मुनीरभाईंचे डोळे दिसले. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिसरी हाक मारायचं त्यांना धैर्य होईना. मी समजले. मी ओरडले, "विचारा ना, मुनीरभाई! विचारा!"

"बापू..." त्यांचा आवाज फुटला. "बापू, हाय ना हो?"

मांडीवरचं डोकं जरासं हललं. "हाव बे. किती ईचारतं."

दवाखान्याच्या पायरीवर मुनीरभाई लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. स्वेटरच्या खिशातले पेचकस एकेक खाली पडत होते आणि त्यांना भान नव्हतं.

बापू वाचले. दोन्ही मुलं धावत आली, बापाला बघून हबकली, आणि बरं वाटताच त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते बरोबरच केलं. वडनेरच्या घराला कुलूप लागलं, केंद्र बंद झालं आणि पडद्यावरून त्या गावाचं नाव गेलं. मुनीरभाई बुधवारी दुपारी नुसते खुर्चीत बसायला लागले. मी विचारायची, बापूंचा फोन होता का? ते म्हणायचे, "हाव. म्हनते, बरा हाव." मग पडद्याकडे बघत, "पुन्याच्या घरात त्याइचा प्लग कुठं हाय, काय माईत."

पुढे शेतकऱ्यांच्या हातात मोबाइल आले, भाव त्यावरच कळायला लागले. केंद्रं एकेक करून मिटली. कंपनीनं ऑफिस लहान केलं. सर्व्हर राहिला, मी राहिले, मुनीरभाईंना नारळ मिळाला. जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. चाचणीसाठी म्हणून ठेवलेलं एक जुनं मशीन आणि डिश. भंगारातच जायचं होतं, देऊन टाकलं. त्यांनी ते घरी बसवलं म्हणे. पडद्यावर 'चाचणी' नावाचा दिवा तेवढा हिरवा राहिला. नाव काढायचा मला कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

मी अधूनमधून फोन करायची. कसे आहात, मुनीरभाई? "बरा हाव, ताई. एकदम बरा." त्यांची बायको मी रुजू होण्याआधीच वारली होती आणि मुली लग्न होऊन बऱ्हाणपूरला आणि अकोल्याला होत्या, हे मला ठाऊक होतं. रोज खानावळीचा डबा यायचा तोही मी पाहिला होता. पण फोनवर बरा हाव म्हटलं की आपण फोन ठेवतो.

एका दुपारी मी पडद्यासमोर जेवायला बसले होते. 'चाचणी' पिवळा झाला. थोड्या वेळानं परत हिरवा. मी घास हातात धरून बघत राहिले. जुनं मशीन, होतं असं, म्हणून परत डब्यात हात घातला. मग एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. बुधवार होता.

डबा तसाच टाकला, स्कूटी काढली आणि त्यांचं घर गाठलं. दार उघडंच होतं. मुनीरभाई स्वेटर घालून बसले होते, जरा अजूनच वाळलेले. स्टोव्हवर चहा उकळत होता. बाजूला दोन कप काढून ठेवलेले.

"अरे, ताई! आज इकडं कशा काय?"

मी आधी मशीनजवळ गेले. प्लग व्यवस्थित लावलेला होता, जवळ विझलेली विडी. मुनीरभाई विडी कधीच ओढत नसत. मी प्लग उगाच जरा दाबल्यासारखा केला आणि म्हटलं, "वायर ढिली आहे, मुनीरभाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. चहा गाळायला घेतला.

"तेच म्हनतो म्या," ते म्हणाले. "काऊन हो, उशीर केला?"

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.